कान कुणाचा पिळावा?

(तृतीय वर्ष कला, मराठी)

आमच्या आजोबांच्या घरी कोनाड्यात एक जुना रेडिओ होता. लाकडी खोके, पुढे कापड ताणून बसवलेले, आणि खाली दोन गोल बटणे. डावे बटण पिळले की आधी ‘खट्’ व्हायचे, आत पिवळा दिवा लागायचा, मग अर्धा मिनिट नुसती घरघर, आणि त्यानंतर आवाज. आजोबा त्या बटणाला रेडिओचा कान म्हणत. “कान पीळ रे जरा त्याचा,” असे ते पडल्यापडल्या सांगत. बातम्यांना किती पिळायचा, नाट्यसंगीताला किती, आणि आजी दुपारची जरा पडली असेल तेव्हा किती, याचे माप त्यांच्या बोटांत होते. त्या बटणावर आकडे नव्हते. ते असावेत असे कुणाला वाटलेही नाही.

हे आठवायचे कारण असे की, गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या विभागातल्या संगणकाचा आवाज आम्हांला आवरता आला नाही, आणि त्यापायी एका बाईंसमोर आमची मान खाली गेली. त्यानंतर महाविद्यालयात जी चर्चा झाली तिच्यात बहुतेकांचे मत एका बाजूला आणि माझे दुसऱ्या बाजूला पडले. ते मत मांडावे म्हणून हा लेख.

विभागाच्या लोखंडी कपाटात दोन खोकी भरून कॅसेट्स आहेत. चाळीसएक वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातली मुले नीरेकाठच्या गावांत शिबिराला जात, तेव्हा तिथल्या बायकांकडून त्यांनी जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या आणि टेप केल्या. असेच काम हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह फार मोठ्या प्रमाणावर केले, लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आमची दोन खोकी त्यापुढे म्हणजे समुद्रापुढे तांब्या. पण तांब्यातले पाणी ज्यांच्या घरचे, त्यांना ते समुद्राहून जवळचे असते. काही वर्षांपूर्वी आमच्याच विभागातल्या मुलांनी यांतल्या बऱ्याच कॅसेट्स संगणकावर उतरवून ठेवल्या होत्या. काम झाले, टाळ्या झाल्या, अहवालात चार ओळी आल्या.

तर दिवाळीआधी साठीच्या एक बाई नातवाला घेऊन विभागात आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, “माझ्या आईचा आवाज हाय म्हंत्यात तुमच्याकडं. ऐकाय मिळंल का?” यादीत पाहिले, गावाचे नाव जुळले, आईचे नावही जुळले. बाईंनी (म्हणजे आमच्या प्राध्यापिका बाईंनी) मला आणि माझ्या एका मित्राला संगणक सुरू करायला सांगितले. मावशींना खुर्ची दिली. फाईल उघडली. पडद्यावर काटा सरकू लागला, पण आवाज नाही. मी आवाजाची पट्टी वर ढकलली. नाही. आणखी ढकलली, गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची पट्टीही शेवटापर्यंत नेली. कुठे लांब विहिरीत कुणी बोलावे तसे काहीतरी पुटपुटले. तेवढ्यात मित्राने मागे हात घालून स्पीकरची पिन दाबली, आणि खोलीत एकदम असा कर्कश आवाज फुटला की खिडकीची तावदाने थरथरली. मावशींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मी पट्टी खाली ओढली तर आवाज पार गेला. जराशी वर नेली तर पुन्हा तोच किंचाळा. मधले काही नाहीच. मौन नाहीतर आरोळी.

चार-पाच वेळा असे झाल्यावर मावशी उठल्या. रागावल्या नाहीत. पिशवी उचलता उचलता एवढेच म्हणाल्या, “आई आशी वरडत नव्हती रं.”

त्या वाक्याने माझी झोप उडवली, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही. आवाजाची पट्टी म्हणजे सोयीची गोष्ट, कमी-जास्त झाली तरी मजकूर तोच राहतो, असे आपण धरून चालतो. पुस्तकातले अक्षर मोठे छापा की लहान, शब्द बदलत नाही. आवाजाचे तसे नाही. हळू बोलणाऱ्या माणसाचा आवाज दहापट करून ऐकवला की तो माणूसच दुसरा होतो. आम्ही त्या दिवशी एका मेलेल्या बाईला तिच्या लेकीसमोर भांडखोर करून दाखवले होते.

सुट्टीनंतर विभागाची बैठक झाली. तिच्यात सुचले ते उपाय सरळ होते. संगणक जुना झाला आहे, साऊंड कार्ड बिघडले आहे, सगळेच निर्लेखित करावे, डेडस्टॉक रजिस्टरला तशी नोंद करावी आणि नवा संच मागवावा. कॅसेट्स उतरवून झाल्याच आहेत, तेव्हा टेपरेकॉर्डर आणि खोकीही त्याच यादीत घालावीत म्हणजे कपाट मोकळे होईल. यात कुणाची दुष्ट बुद्धी नव्हती. कपाटाला खरोखरच जागा नाही. पण माझे म्हणणे असे की, आवाज नेमका कुठे हरवतो आणि कुठे फाटतो हे शोधल्यावाचून यंत्राला मोडीत काढणे म्हणजे रोगी तपासण्याआधी तिरडी बांधणे. आणि हे शोधणे संगणकशास्त्राच्या विभागाचे नव्हे, आमचेच काम आहे. कारण तो आवाज किती असावा हे त्यांना कसे कळणार?

“हा आपला विषय नाही” हे वाक्य कलाशाखेत फार लवकर तोंडात येते. मीही ते अनेकदा म्हटले आहे. तेव्हा आता थोडा विषयात शिरतो. वाचकांनी घाबरू नये, सायकलचे पंक्चर काढण्याहून यात फारसे अवघड काही नाही.

रेडिओला एक कान होता. संगणकाला किती? मोजून पाहा. गाणे वाजवणाऱ्या प्रोग्रॅमची एक पट्टी. पडद्याच्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रामागे दुसरी. त्याच्या पोटात साऊंड कार्डाच्या स्वतःच्या आणखी तीन-चार: मास्टर, पीसीएम, हेडफोन, स्पीकर. आणि शेवटी स्पीकरच्या डब्यावरचे खरेखुरे गोल बटण. या सगळ्या एकामागे एक, पाटाच्या दारांसारख्या. वरचे दार बंद असेल तर खालची सगळी उघडून पाणी येत नाही. आणि तीन दारे अर्धी अर्धी उघडी असली तर पाणी निम्मे येत नाही. निम्म्याचे निम्मे आणि त्याचेही निम्मे, म्हणजे आठवा हिस्सा येतो. ‘सगळे तर अर्ध्यावर आहे, मग ऐकू का येत नाही?’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर बरेचदा एवढेच असते.

पूर्वी असे नव्हते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीला आवाज कमी-जास्त करायची सोयच नव्हती; आत एक इवलासा स्पीकर होता, तो टुंक करी. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साऊंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ साली आले, आणि त्या घराण्यातल्या आरंभीच्या कार्डांना मागच्या बाजूला बोटाने फिरवायचे एक लहानसे चाक असे. म्हणजे कान होता, फक्त पाठीवर होता! पुढे आवाजाची सारी यंत्रणा मदरबोर्डावरच बसू लागली, चाक गेले, आणि सगळा कारभार पडद्यावरच्या चित्रांकडे गेला. २००७ साली घरोघर आलेल्या विंडोज व्हिस्टात प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळी पट्टी मिळाली. त्याच्या पुढच्या आवृत्तीत, २००९ सालच्या विंडोज ७मध्ये, आणखी एक शहाणपणा आला: फोनसारखे संभाषण चालू आहे असे यंत्राला वाटले की ते आपणहून बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते. २०२० साली घरी बसून तास ऐकताना आमच्यापैकी कितीतरी जणांची गाणी अशी अचानक मंदावली, आणि आम्ही इंटरनेटला शिव्या दिल्या. कुणीतरी आपल्या वतीने कान पिळत होते, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

आमच्या विभागातल्या संगणकावर लिनक्स आहे. तिथे अल्सामिक्सर नावाचा एक अगदी ओबडधोबड प्रोग्रॅम असतो, काळ्या पडद्यावर उभे खांब दाखवणारा. मला तो आवडला, कारण तो काही लपवत नाही. सगळी दारे एका रांगेत उभी. खांबाखाली ‘एमएम’ अशी अक्षरे असली की ते दार बंद, ‘एम’ची कळ दाबली की उघडते आणि तिथे ‘ओओ’ दिसते. नव्या लिनक्सवर कित्येकांना आवाज येत नाही त्याचे कारण अनेकदा हेच, एखादे दार मुके राहिलेले असते. आम्ही त्यावर एक पूर्ण दुपार घालवली, सगळी दारे उघडली, आणि आमच्या दुखण्याचा तिथे संबंध नव्हता असे कळले. दुसरी दुपार ‘ऑटो म्यूट’ नावाच्या सोयीत गेली. हेडफोनच्या खाचेत काहीतरी घातले आहे अशी समजूत झाली की ती दुसऱ्या खाचेचा आवाज बंद करते. खाचेतली पट्टी झिजून अडकली तर ही समजूत कायमचीच होते. तेही आमचे दुखणे नव्हे.

खरी दुखणी दोन निघाली, आणि ती एकात एक गुंतलेली होती म्हणूनच वेळ लागला.

पहिले पिनचे. संगणकाची मागची हिरवी खाच झिजल्यामुळे आधीच्या मुलांनी यूएसबीच्या खाचेत बसणारे, करंगळीएवढे, स्वस्तातले साऊंड कार्ड जोडले होते. त्यात स्पीकरची पिन पुरती बसत नव्हती. पिनेवर तीन भाग असतात: टोकाचा डाव्या आवाजाचा, मधला उजव्याचा, आणि मुळाशी दोघांची सामायिक जमीन. ती जमीन टेकली नाही तर डावा आणि उजवा आवाज एकमेकांतून वजा होतात. सिनेमाच्या गाण्यात गायक सहसा दोन्हीकडे सारखा असतो, तो वजा होऊन नाहीसा होतो आणि मागचे सूर-वाद्य तेवढे उरते. हा चमत्कार पुष्कळांनी अनुभवला असेल. आमच्या ओव्या तर साध्या एकपदरी टेपवरच्या. दोन्हीकडे अगदी तेच. वजाबाकी शून्य! म्हणून विहिरीतला आवाज. आणि म्हणूनच पिन दाबताच, तोवर मी शेवटाला नेऊन ठेवलेल्या सगळ्या पट्ट्या एकदम गरजल्या. त्या दिवशी चूक यंत्राची निम्मी होती, निम्मी माझी. ऐकू येत नाही म्हणून एकामागून एक सगळेच कान पिळत गेलो, आधी तार पाहिली नाही.

दुसरे दुखणे त्या करंगळीएवढ्या कार्डाचे. मनुष्याच्या कानाला बेरीज कळत नाही, गुणाकार कळतो. आवाज दुप्पट झाला असे वाटायला साधारण दहापट शक्ती लागते. जुन्या रेडिओच्या बटणाखालची कार्बनची पट्टी याच हिशेबाने घडवलेली असे, म्हणून आजोबांच्या बोटाला सगळे प्रमाणात वाटे. आताची साऊंड कार्डे संगणकाला आपली मर्यादा आकड्यांत सांगतात, की मी इथपासून इथपर्यंत आवाज उतरवू शकतो. पुष्कळ स्वस्त कार्डे हा आकडा चुकीचा सांगतात. संगणक बापडा विश्वास ठेवतो. मग पट्टीचा खालचा सगळा प्रदेश ओसाड, आणि वरच्या एका बोटभर जागेत कुजबुजीपासून किंचाळीपर्यंत सारे कोंबलेले.

यावर तोडगा आहे, आणि तो मला विचार म्हणूनही आवडला. कार्ड खोटे बोलते ना? मग त्याला विचारायचेच नाही. त्याचा स्वतःचा आवाज एका जागी खिळवून टाकायचा, आणि कमी-जास्त करण्याचे काम संगणकाने आतल्या आत करायचे, म्हणजे आवाजाचे आकडेच लहान करून पुढे पाठवायचे. अल्सामध्ये याला सॉफ्टव्हॉल म्हणतात. आमच्या संगणकावर त्यासाठी एका फायलीत एक ओळ लिहावी लागली. ती कुठली, हे शोधायला मात्र चार दिवस लागले. पाचव्या दिवशी वीज गेली, संगणक धाडकन बंद पडला आणि कार्डाची पातळी पुन्हा मूळ पदावर! ठरवलेली पातळी साठवून ठेवण्याची वेगळी आज्ञा असते, ती आम्ही दिलीच नव्हती. असो.

तोडगा म्हणजे फुकटचे जेवण नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आमचे कार्ड १६ बिटांचे. म्हणजे आवाजाच्या लाटेची उंची मोजायला त्याच्याकडे ६५,५३६ पायऱ्या. आकडे निम्मे केले की पायऱ्याही निम्म्या, ३२,७६८. असे आठ वेळा निम्मे केले तर उरतात २५६, आणि मग बारीक आवाजात खरखर मिसळू लागते. दागिन्याचे वजन धान्याच्या काट्यावर करावे तसे होते. तेव्हा आतून थोडेसेच कमी करावे, फार नाही.

पण कमी तर पुष्कळ करायचे होते. इथे आमच्या मदतीला आला तो गावातला मंडपवाला. लग्न, पारायण, आमचे स्नेहसंमेलन, सगळीकडे त्याचेच कर्णे. स्पीकर दुरुस्त करून मागायला गेलो होतो, त्याने आमची हकीकत ऐकून घेतली आणि हसला. “तुम्ही शिकलेली पोरं उलटंच करता. डब्यावरचं बटण फुल्ल ठेवता आणि तिकडं कॉम्प्युटरवर चिमटीचिमटीनं कमी करता. आधी मागनं माल भरपूर येऊ द्या, फक्त फाटला नाही पायजे. मग शेवटच्या बटणावर हात ठेवा. हात कायम शेवटच्या बटणावर.” आमच्या स्पीकरच्या डब्यावरचे बटण कुणीतरी केव्हातरी शेवटाला नेऊन वर चिकटपट्टी लावून ठेवले होते! ती काढली. संगणकाची पट्टी पाऊण ठेवली. आणि मग डब्यावरचे बटण फिरवताना मला एकदम आजोबांची आठवण झाली. आवाज हाताखाली चढत होता, उतरत होता, मध्ये कुठे दरी नव्हती. मंडपवाल्याने पैसे घेतले नाहीत. स्नेहसंमेलनाचे कंत्राट यंदाही त्यालाच मिळावे, ही सूचना या निमित्ताने करून ठेवतो.

बैठकीत मला जे ऐकावे लागले ते इथे लिहिणे न्यायाचे होईल. एक सर म्हणाले, “अरे, हे कार्ड चार-पाचशे रुपयांचे. पंधरा दिवस घालवलेस, तेवढ्यात नवे तीन आले असते.” ते खरे आहे. आणि नवे कार्ड घेऊ नये असे माझे म्हणणेही नाही. आम्ही पुढे एक घेतलेच. पण नवे घेऊन ही पिन नीट बसली असती का? चिकटपट्टी सुटली असती का? आणि मुख्य म्हणजे, या पंधरा दिवसांत आम्हांला जे तिसरे दुखणे सापडले ते सापडले असते का? कारण आवाज ताब्यात आल्यावर आम्ही मावशींच्या आईची ओवी अगदी हळू लावली, आणि ती हळू लावूनही फाटकीच लागली.

म्हणजे दोष ऐकवण्यात नव्हता, उतरवण्यात होता.

संगणकाच्या खाचांचे रंग १९९९पासून ठरलेले आहेत: हिरवी खाच बाहेर जाणाऱ्या आवाजाची, निळी टेपरेकॉर्डरसारख्या यंत्रातून येणाऱ्या आवाजाची, गुलाबी माइकची. माइकचा आवाज अतिशय क्षीण असतो, म्हणून गुलाबी खाचेमागे तो वाढवणारी यंत्रणा असते, आणि ‘माइक बूस्ट’ चालू असेल तर तो आणखी दहापट होतो. आमच्या आधीच्या मुलांनी टेपरेकॉर्डर गुलाबी खाचेत जोडला होता. खाच बसली, आवाज आला, काम झाले. पण १६ बिटांत वरचा शेवटचा आकडा ३२,७६७. त्याच्या वरच्या लाटेला जागाच नाही. जी वर गेली तिचे डोके तिथे सपाट कापले जाते. टेपवर आवाज जास्त झाला तर तो निदान हळूहळू दबतो, आकड्यांत तो कुऱ्हाडीने तुटतो. आणि तुटलेली शेंडी कुठे साठवलेली नसते. नंतर कितीही बारीक लावा, लहान दिसेल ते फाटकेच.

आम्ही कॅसेट शोधली. सुदैवाने पहिल्या खोक्यात मूळ कॅसेट होती, निर्लेखनाच्या यादीत गेलेली पण अजून कपाटातून न हललेली. टेपरेकॉर्डरचे डोके पुसले, निळी खाच वापरली, बूस्टचे दार बंद केले, आणि सर्वांत चढी ओवी आली तरी काटा तांबड्यात जाणार नाही अशा बेताने पातळी धरून ती एकदाच वाजवली, एकदाच उतरवली. जुनी टेप वारंवार फिरवायची नसते.

माघात मावशींना निरोप धाडला. या वेळी त्या सुनेलाही घेऊन आल्या. मी डब्यावरच्या बटणावर हात ठेवून बसलो होतो. आवाज स्वच्छ होता, जात्याची घरघर खाली आणि वर ओवी; मला वाटले, झाले, जमले. मावशींनी थोडा वेळ ऐकले आणि हाताने खूण केली.

“बारीक कर.”

केला.

“आजून बारीक. पोरं निजल्याली आसायची रं घरात. आमी समदी भावंडं तितंच जात्यापाशी.”

मी बटण आणखी फिरवले. आता आम्हांला शब्द जेमतेम कळत होते. विभागातल्या बाई पुढे सरकून बसल्या. मावशींना मात्र सगळे कळत होते. एका ठिकाणी आमच्या यादीत लिहिलेले गावाचे नाव चुकले आहे असे त्यांनी सांगितले, एका ओवीत आम्ही ‘बंधू’ ऐकत होतो तिथे मामाचे नाव होते. सून मान खाली घालून ऐकत होती. ओव्या संपल्या तरी टेपची बारीक खसखस चालू होती, आणि कुणी ती बंद करायला उठले नाही.

बटण किती फिरवायचे हे मला माहीत नव्हते. मंडपवाल्याला नव्हते, साऊंड कार्डाला तर नव्हतेच. ज्या घरात तो आवाज झाला होता त्या घरात निजलेल्या पोरीला ते माहीत होते. तेव्हा कान पिळण्याचे काम तिच्या हाती देता येईल अशी जोडणी करणे, एवढेच आमच्या विभागाचे काम. हे नव्या संचाने होईल की जुन्या, हा मुद्दा दुय्यम आहे.

पण मावशींच्या आईच्या कॅसेट्स दोन होत्या. दुसरीत, यादीप्रमाणे, लेकीला सासरी धाडतानाच्या ओव्या आहेत. ती मूळ कॅसेट दुसऱ्या खोक्यात नाही. दुसऱ्या खोक्यातल्या निम्म्याअधिक कॅसेट्स ‘संगणकावर उतरवून झाल्या’ म्हणून मागेच टाकून दिल्या गेल्या, आणि उतरवल्या त्या गुलाबी खाचेतून. तिथे सॉफ्टव्हॉल चालत नाही, पिन दाबून भागत नाही, पुसून, घासून, गाळून पाहिले, कापलेली डोकी परत येत नाहीत. मावशींनी ती विचारली तेव्हा आम्ही लावून दाखवली, जेवढी बारीक लावता येईल तेवढी. त्यांनी दोन ओव्या ऐकल्या आणि म्हणाल्या, “ही ऱ्हाऊ दे.”

म्हणून विभागाकडे आम्ही दोन मागण्या लेखी दिल्या आहेत. उरलेली मूळ कॅसेट, तिची नवी प्रत कुणीतरी शेवटपर्यंत बसून ऐकल्याखेरीज, निर्लेखनाच्या यादीत जाऊ नये. आणि त्या ऐकणाऱ्यांत त्या गावचे एक तरी माणूस असावे. पहिली मागणी मान्य होईलसे दिसते. दुसरीवर ‘प्रवासखर्च कोणत्या खात्यातून?’ असा शेरा आला आहे.

हा अंक माजी विद्यार्थ्यांकडेही जातो. त्या शिबिरांना गेलेल्यांपैकी काहींनी आपापल्या घरी कॅसेट्सच्या प्रती करून नेल्या होत्या असे कळते. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, वह्यांच्या गठ्ठ्यात एखादी असेल तर कृपया शोधावी. पट्टी सुटली असेल, डबी फुटली असेल, तरी चालेल. घरी वाजवून पाहू नये, तशीच घेऊन यावी. मराठी विभाग, पहिला मजला, दुपारी दोननंतर आमच्यापैकी कुणीतरी असतेच.